पाऊस तोच, तहान मात्र वेगळी

गेल्या मे महिन्यात लग्नाच्या निमित्ताने हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यात एका वाडीवर जाणे झाले. वाटेत कयाधू नदी लागली. पात्रात पाण्याऐवजी दगडगोटेच दिसत होते. वस्तीवरचा हापसा मार्चपासून बंद पडलेला, त्यामुळे लग्नाचा स्वयंपाकही टँकरच्याच पाण्यावर.

जेवणे उरकल्यावर मंडळी लिंबाखाली बसली आणि वाद रंगला. एक काका म्हणाले, "पाऊसच येत नाही, त्याला माणूस काय करणार?" कॉलेजात शिकणारा पुतण्या म्हणाला, "काका, दुष्काळ माणसानंच आणलाय."

दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. प्रशांत महासागराचे पाणी ज्या वर्षी जास्त तापते, त्या वर्षी आपल्याकडचा पाऊस बहुतेक वेळा दगा देतो. १९७२ आणि २०१५ ही तशीच वर्षे. परंतु हिंगोली जिल्ह्यात वर्षाला सरासरी ८०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सोलापूरकरांना हेवा वाटावा इतका! मग ही तहान आली कुठून?

याचे उत्तर दारात बसलेल्या म्हाताऱ्या आत्याने दिले. "बहात्तरला खायला दाणा नव्हता रे. खडी फोडली, सुकडीवर दिवस काढले. पण आडाला पाणी होतं."

तेव्हा शेतोशेती बोअर नव्हते. आपल्या भागात जमिनीखाली काळा पाषाण आहे. पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. ज्याच्याकडे पैसा आहे तो चारशे फूट खाली जातो. त्याची मोटर सुरू झाली की शेजारचा आड आटतो आणि गरिबाच्या वस्तीवरचा हापसा कोरडा पडतो. शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल बोअर घेण्यास राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्याने मनाई केली आहे. पण कायदा कागदावर आणि बोअरची गाडी शिवारात!

परतताना औंढ्यावरून वसमतकडे आलो. येलदरी-सिद्धेश्वर धरणांच्या कालव्याचा हा पट्टा. रस्त्याकडेला उसाचे हिरवेगार फड उभे होते. जिल्हा एकच, पाऊसही तोच. इकडे ऊस आणि तिकडे आयाबहिणींच्या डोक्यावर घागर. हा भेद काही ढगांनी केलेला नाही.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्याची योजना पुढे नेली. नदीचा पूर आणि पाण्याची टंचाई यांना दैव न मानता त्यांनी तो सरकारच्या कर्तव्याचा प्रश्न मानला.

तेव्हा बांधवांनो आणि भगिनींनो, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला घरातील बायकांसह जा. आपल्या हापशाजवळ किती खोल बोअर झाले, टँकर आधी कोणत्या गल्लीत जातो, हे उभे राहून विचारा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. पाऊस पाडणे आपल्या हाती नाही, पण त्याचा हिशेब मागणे नक्कीच आहे.