खोपोलीची हवा आणि मनातले मत

कर्जतहून सुटलेली लोकल पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी करीत खोपोलीला येते आणि तिथेच संपते. पुढे बोरघाटाची भिंत उभी. घाटावरून नळांनी उतरवलेल्या पाण्यावर १९१५ साली टाटांचे वीजघर इथे सुरू झाले. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या आणि त्या गिरण्यांत आपल्या समाजाचे हजारो हात राबले.

आम्ही गेलो ते २०२५ च्या नोव्हेंबरात. २ डिसेंबरला नगरपरिषदेचे मतदान होते. "यंदा कोणाची हवा?" असे आम्ही चहाच्या टपरीवर विचारले. उत्तर देण्याआधी एका गृहस्थांनी आमचे आडनाव विचारले. ते कळताच हवेची दिशाच बदलली! शेजारच्या वस्तीत मात्र आयाबाया एवढेच म्हणाल्या, "बघू की, अजून ठरलं नाही." ठरलेले होते, हे त्यांच्या हसण्यावरून दिसत होते. पण घरमालक कोण, मुकादम कोण, याचा हिशेब करूनच गरिबाला बोलावे लागते.

वाचकहो, हे खोपोलीपुरते नाही. १९८२ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याच्या गव्हर्नरपदासाठी टॉम ब्रॅडली हे कृष्णवर्णीय उमेदवार उभे होते. पाहण्यांत ते पुढे होते, निकालात थोडक्यात हरले. काही गोऱ्या मतदारांनी विचारणाऱ्यापुढे लाजेखातर एक सांगितले आणि मत दुसरीकडे दिले, असा अर्थ अनेकांनी लावला. २००८ साली ओबामांच्या वेळी मात्र तसे घडले नाही. तिथे वरचा माणूस लाजेने लपवतो, आपल्याकडे खालचा माणूस भीतीने लपवतो. २०२४ च्या लोकसभेला बहुतेक मतदानोत्तर चाचण्या फसल्या, त्याचे हेही एक कारण सांगितले गेले. म्हणूनच 'लोकनीती'सारखी संस्था पाहणी करताना नमुना मतपत्रिका हातात देते आणि पेटीत टाकायला सांगते. तोंडी विचारण्यापेक्षा हे बरे.

पेटी उघडली की मात्र लपलेले काही दिसते. १९५२ साली उत्तर मुंबईच्या दोन जागांच्या मतदारसंघात प्रत्येकाला दोन मते होती. राखीव जागेवर बाबासाहेब काजरोळकरांकडून सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरले. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले, पण राखीव जागेवर बाबासाहेब पडले. काजरोळकर आणि बोरकर हेही अनुसूचित जातींचेच. तेव्हा नुसत्या जातीने हा निकाल उलगडत नाही. काँग्रेसची ताकद होतीच. पण मागण्या करणारा नेता नको, ऐकणारा चालेल, हाही पूर्वग्रहच, असे आमचे मत आहे. असे दोन जागांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने रद्द झाले.

विधानसभेला कर्जत आणि लोकसभेला मावळ, दोन्ही जागा खुल्या. पण नगरपरिषदेच्या प्रभागात सहसा दोन जागा असतात आणि मतदाराला दोन्हींसाठी बटण दाबायचे असते. एक जागा राखीव असली की भंडाऱ्याचाच प्रश्न गल्लीत येतो: पॅनेलच्या खुल्या उमेदवाराला मत देणारा शेजारी त्याच पॅनेलच्या आपल्या उमेदवारालाही देतो काय? त्याला विचारून उपयोग नाही, तो "हो" म्हणेल. मतमोजणीचे केंद्रवार आकडे मागून घ्यावेत आणि एकाच पॅनेलच्या दोघांची मते शेजारी शेजारी लिहावीत. उमेदवाराच्या स्वतःच्या वागण्याने थोडाफार फरक पडणारच. पण वस्तीच्या केंद्रावर दोघे सारखे आणि पलीकडच्या केंद्रावर आपला शेकड्यांनी मागे, असे निघाले, तर तो कागद पुढच्या वेळी पॅनेल बांधायला येणाऱ्यांपुढे ठेवावा.