कपाटापलीकडचा वर्ग

आमच्या शाळेत दोन वर्गांच्या मध्ये भिंत नव्हती, कपाट होतं. माण तालुक्यातल्या एका वाडीतली शाळा, साल १९८२. एकच लांबट खोली. अलीकडे पहिली-दुसरी घेऊन बाई, पलीकडे तिसरी-चौथी घेऊन गुरुजी. कपाटाची दारं गुरुजींकडं, म्हणजे आम्हा दुसरीवाल्यांच्या वाट्याला त्याची पाठ. उघड्या फळ्यांची, कुणीकुणी दौतीतली बोटं पुसलेली. एका फळीतली गाठ निखळून तिथं भोक पडलं होतं. त्याला डोळा लावला की गुरुजींच्या धोतराचा एक तुकडा दिसायचा आणि खडू धरलेला हात.

दिसायचं एवढंच, ऐकू मात्र सगळं यायचं. मी दुसरीत असताना चौथीचा अर्धा अभ्यास असाच फुकटात केला. गुरुजी जुन्या वळणाचे. पावकी-निमकी अभ्यासक्रमातून केव्हाच गेली होती, पण गुरुजींच्यातून गेली नव्हती. एकदा त्यांनी विचारलं, "सात पाव?" चौथी गप्प. मी पाटीवर काहीतरी गिरवत होते, आणि तोंडातून खणखणीत निघालं, "पावणेदोन!" कपाटाच्या दोन्ही बाजू हसल्या. बाई रागावतील म्हणून मी खाली मान घातली. गुरुजी पलीकडून म्हणाले, "बाई, तुमची पोरगी आमच्यात आलीय जणू."

पुढं मी स्वतः बाई झाले. त्याआधीची दोन वर्षं डी.एड.ची. त्या काळात सराव पाठाला वर्गात मागच्या बाकावर सोबतच्या चौघीपाचजणी निरीक्षण वही घेऊन बसायच्या. 'प्रस्तावना लांबली', 'फलकलेखन तिरके', असलं काहीबाही लिहायच्या. तेव्हा त्यांचा राग यायचा. १९९६ साली नोकरीला लागले आणि लक्षात आलं, आपल्याला शिकवताना पाहणारं माणूस त्यानंतर कुणी उरलंच नाही. साहेब यायचे, पण ते पटसंख्या पाहायचे, शेरेपुस्तकात चार ओळी लिहायचे आणि चहा घेऊन जायचे. मी कुणाला शिकवताना पाहावं, हा तर प्रश्नच नव्हता. माझ्या पहिल्या शाळेत दुसरं शिक्षकच नव्हतं. चार इयत्ता, एक बाई. दुसऱ्या शाळेत जोडीदार मिळाले, पण मध्ये चांगली पक्की, गिलावा केलेली भिंत. पलीकडून फक्त एकसुरात कविता म्हटल्याचा आवाज यायचा.

महिन्याला गटसंमेलन व्हायचं, पुढं त्याचं नाव शिक्षण परिषद झालं. पोहे चांगले असायचे. एक आदर्श पाठ व्हायचा. तो इतका आदर्श असायचा की प्रश्न पुरा होण्याआधी मुलं उत्तर द्यायची. ज्याचा पाठ, त्यानं तो आदल्या दिवशी त्याच मुलांवर दोनदा घेतलेला, हे सगळ्यांना ठाऊक. मीही एकदा तसाच घेतला आणि टाळ्या घेतल्या. मला पाहायचं होतं ते वेगळंच. एखाद्या पोराला काही केल्या कळत नाही, तेव्हा दुसऱ्या बाई नेमकं काय करतात? गप्प बसतात? परत तेच मोठ्यानं सांगतात? मी तर मोठ्यानंच सांगायची.

मग मोबाइल आले. २२ जून २०१५चा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्राचा शासन निर्णय निघाला आणि आम्हा सगळ्यांना एक नवं विशेषण चिकटलं : तंत्रस्नेही. गावोगाव लोकवर्गणीतून टीव्ही, प्रोजेक्टर आले. २०१६च्या शिक्षकदिनी जिओ बाजारात आलं आणि नेट एकदम पाण्याच्या भावानं मिळू लागलं. (आमच्या तालुक्यात ही उपमा चालत नाही. उन्हाळ्यात आमच्याकडं पाणीच महाग.) त्या वर्षी व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात २५६ माणसं मावायची आणि शिक्षकांचे गट भराभर भरायचे. जागा नाही म्हणून 'भाग २', 'भाग ३' निघायचे, एसटीच्या जादा गाड्या सोडाव्यात तसे. मी अशा नऊ गटांत होते. सकाळी सुप्रभात, दुपारी 'माहिती तातडीने भरा', रात्री कुणाच्या तरी आदर्श पाठाचा व्हिडिओ. म्हणजे पोह्यांशिवायचं गटसंमेलनच.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजी याच साधनांतून मुलांना परदेशातल्या वर्गांशी बोलतं करत होते. २०२०च्या डिसेंबरात त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, दहा लाख डॉलरचा. सगळीकडं त्यांनी पुस्तकात आणलेल्या क्यूआर कोडचं कौतुक झालं, ते व्हायलाच हवं होतं. माझ्या मनात दुसरी गोष्ट राहिली. बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून दिली. कपाट बाजूला सरकवल्यासारखं वाटलं मला ते.

माझं कपाट मात्र त्याच्या आदल्या वर्षी सरकलं होतं, आणि तेही एका भांडणामुळं. जून २०१९मध्ये दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक आलं. त्यात एकवीस, बावीसच्या जोडीला 'वीस एक, वीस दोन' असं वाचन दिलेलं. महाराष्ट्रभर गदारोळ झाला. विनोदांना ऊत आला. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर परोपरीनं सांगत होत्या की जुनी पद्धत काढलेली नाही, जोडाक्षरांशी झगडणाऱ्या मुलाला सोपं जावं म्हणून दुसरी वाट दिलीय. ऐकतं कोण? आमच्या गटातही तीच टिंगल चालली होती. तेवढ्यात मालवणकडच्या एका बाईंचा लांबलचक संदेश आला. त्यांच्या वर्गातला एक मुलगा त्र्याहत्तर ऐकलं की ३७ लिहायचा. चुकून नव्हे, नेमानं. कारण 'त्र्याहत्तर' म्हणताना तीन आधी ऐकू येतात, सत्तर नंतर. पोरगं कानाशी प्रामाणिक होतं. कन्नडमध्ये, तेलुगूमध्ये दहा आधी बोलतात, आपण उलटं बोलतो आणि सुलटं लिहितो, असं त्यांनी लिहिलं होतं. खाली दोन हसरे चेहरे आले आणि त्यावर कुणीतरी बदलीचं पत्रक टाकलं.

मी त्यांना वेगळा संदेश पाठवला : 'माझ्याकडं असे तीन आहेत.'

त्यांचा फोनच आला. "तीन? माझो एकच हा, पण पुरून उरता!"

आधी मुलांची भेट घालून द्यायची ठरली. परदेशी वर्ग तेव्हा स्काइपवर एक खेळ खेळायचे, समोरची शाळा कुठली ते फक्त हो-नाहीच्या प्रश्नांनी ओळखायचं. आम्ही तो महाराष्ट्राच्या नकाशावर आणला. छत्तीस जिल्हे, आपला जिल्हा सांगायचा नाही. खडूच्या डब्यावर डस्टर, डस्टरला टेकून फोन. माझ्या मुलांचा पहिला प्रश्न, "तुमच्याकडं टँकर येतो का?" तिकडून "नाही". नकाशावरचा एकही जिल्हा खोडता येईना. मग तिकडचा प्रश्न, "तुमच्याकडे दर्या आसा काय?"

"दर्या म्हंजी काय वो बाई?" माझी संगी कुजबुजली.

मी समुद्र म्हणून सांगितलं. आम्ही "नाही" म्हणालो आणि तिकडं एका फटक्यात सात जिल्हे खोडले गेले. हे पाहून आमच्यातल्या एकाच्या डोक्यात उजेड पडला. पुढं आमचेही प्रश्न सुधारले : समुद्र आहे का, पुण्याच्या खाली आहे का, आणि शेवटी "गोव्याला चिकटलाय का?" सिंधुदुर्ग! पोरांनी बाकं बडवली. त्यांना सातारा ओळखायला आणखी सहा प्रश्न लागले, याचा आनंद महिनाभर पुरला. नंतर त्या बाईंनी किनाऱ्यावर जाऊन रापण ओढताना दाखवली, आम्ही वाडीबाहेर बसलेला मेंढरांचा कळप दाखवला. तिकडून एकच कालवा : "कितकी मेंढरां!" गल्लोगल्ली हिंडणारी आमची मेंढरं कुणाला नवलाची वाटतील, हे माझ्या मुलांना पटेना.

पण मला हवं होतं ते या खेळांच्या नंतर, ठरवून नव्हे तर आळसानं घडलं. एकदा खेळ संपला तरी दोघींनीही फोन बंद केला नाही. त्या त्यांच्या दुसरीकडं वळल्या, मी माझ्या. मागं फोनमधून त्यांचा वर्ग ऐकू येत राहिला. खुर्च्या सरकल्याचा आवाज, कुणाच्या तरी नाकाची सूं-सूं. त्या त्र्याहत्तरवाल्या मुलाला समोर घेऊन बसल्या होत्या. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे, काही सुट्या काड्या. एकदा सांगितलं, चुकलं. दुसऱ्यांदा सांगितलं, चुकलं. मग त्या थांबल्या. चांगल्याच थांबल्या, मला वाटलं नेट गेलं. कुठल्याच आदर्श पाठात मी असं थांबलेलं माणूस पाहिलं नव्हतं. मग म्हणाल्या, "काय ऐकू आलं आधी? तीन ना? ते तीन मुठीत धरून ठेव. सांडायचे नाहीत. आता सत्तर मांड." पोरानं डाव्या मुठीत तीन काड्या आवळल्या आणि उजव्या हातानं एकेक करत सात गठ्ठे मांडले. "आता मूठ उघड." त्यानं गठ्ठ्यांच्या उजव्या अंगाला तीन काड्या ठेवल्या.

त्या दिवसापासून आठवड्यातून एकदा तासभर फोन नुसता चालू ठेवायचा, असा आमचा परिपाठ झाला. कुणी कुणाला दाखवायचं नाही, फक्त पडू द्यायचं कानावर. मी मोठ्यानं सांगते हे त्यांनीच मला सांगितलं, दोनेक महिन्यांनी, विषय काढून काढून. एकदा मी एका पोरीवर वसकले आणि मग आठवलं की मालवणात ऐकू गेलं असेल. दिवसभर तोंड कडू होतं. २०२०च्या मार्चमध्ये शाळाच बंद झाल्या तेव्हा जगानं ऑनलाइन शाळा सुरू केली आणि आमची मात्र बंद पडली, कारण वर्गच नव्हते. माझ्या मुलांच्या घरातला एकुलता फोन बापाबरोबर मेंढरांमागं गेलेला असायचा. त्या दीड-दोन वर्षांबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, मला त्यात भर घालायची नाही.

शाळा उघडल्यावर आम्ही पुन्हा सुरुवात केली. नवी दुसरी, नवे त्र्याहत्तरवाले. मे २०२५मध्ये स्काइप बंद झालं. आम्ही ते फारसं कधी वापरलंच नव्हतं, पण वाडीतली मुलं कुठल्याही व्हिडिओ कॉलला अजून 'स्काइप लावा' म्हणतात.

परवाच्या पावसात असाच फोन लावून ठेवला होता. वारं सुटलं आणि पडद्यावरचं चित्र गोठलं. त्या बाईंचा हात हवेत, बोटांत खडू, पुढं काही हलेना. मी माझ्या बारा मुलांना अठ्ठेचाळीस मांडायला सांगितलं होतं. सगळ्यांच्या डाव्या मुठी आवळलेल्या, उजव्या हातांनी गठ्ठे मांडणं चाललेलं. मी गठ्ठे मोजत बाकांमधून फिरत होते. तेवढ्यात फोनमधून, चित्राला मागं टाकून, नुसता आवाज आला. तिकडच्या कुणाला तरी सांगितलेला.

"आता मूठ उघड."

आणि माझ्या बाराच्या बारा पोरांनी मुठी उघडल्या. दोघांचे गठ्ठे अजून मांडून व्हायचे होते.