तुमचा पंडित

‘‘तुमचा पंडित हरला की हो, सर!’’

१९९९ साली आमच्या स्टाफरूममध्ये कन्नडच्या मास्तरांनी मला ही बातमी दिली, तेव्हा त्यांचा चेहरा पेढे वाटायला निघालेल्या माणसासारखा दिसत होता. बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर कर्नाटकाने मध्य प्रदेशाला हरवून रणजी करंडक जिंकला होता. मी तेव्हा अठ्ठाविशीतला, नुकताच नोकरीत कायम झालेला. जन्म बेळगावचा, रेशनकार्ड कर्नाटकाचं, पगार कर्नाटक सरकारचा. न्यायाने बघायला गेलं तर जिंकला होता तो माझाच संघ. पण हरलेल्या संघाचा कर्णधार होता चंद्रकांत पंडित, मूळचा मुंबईचा. त्या एका आडनावापायी मास्तरांनी अख्खा मध्य प्रदेश माझ्या खात्यावर चढवून टाकला होता. आणि खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलंच होतं. सीमाभागातल्या माणसाला क्रिकेटचा सामनासुद्धा सरळ बघता येत नाही.

तो सामना हरायला नको होता. मध्य प्रदेशाने पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी घेतली होती. रणजीच्या अंतिम सामन्याचा नियम असा की, सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात पुढे असलेला संघ जिंकतो. म्हणजे शेवटच्या दिवशी २४७ धावा काढायचीसुद्धा गरज नव्हती. नुसतं उभं राहायचं होतं. तेच जमलं नाही. विजय भारद्वाजच्या फिरकीपुढे सगळा संघ १५० धावांत आटोपला आणि ९६ धावांनी हरला. ज्यांनी कधी परीक्षेत शेवटच्या अर्ध्या तासात सोपं गणित चुकवलं आहे, त्यांना हे दुःख वेगळं समजावून सांगायला नको.

पंडितशी माझी ओळख त्याआधीची, अर्थात एकतर्फी. १९८६ साली आपला संघ इंग्लंडला गेला होता. लीड्सच्या कसोटीत वेंगसरकरने शतक ठोकलं आणि आपण मालिका खिशात टाकली, हे सगळ्यांना आठवतं. पण त्याच कसोटीत पंडितने पदार्पण केलं, हे फारसं कोणी सांगत नाही. आणि गंमत पाहा, आयुष्यभर यष्टीरक्षक म्हणून घडलेला हा गडी पहिल्या कसोटीत उतरला तो निव्वळ फलंदाज म्हणून. यष्टीमागे होता बडोद्याचा किरण मोरे. दोघेही मराठी, दोघेही एकाच पिढीतले आणि जागा एकच. फलंदाज सहा असतात, गोलंदाज चार-पाच असतात, यष्टीरक्षक एकच. शाळेत मुख्याध्यापकाची खुर्ची जशी एकच असते तशी. दुसऱ्याने वाट बघायची. मोरेच्या पदरी ४९ कसोट्या पडल्या, पंडितच्या पदरी पाच आणि ३६ एकदिवसीय सामने.

१९८७ च्या विश्वचषकाची उपांत्य फेरी मी शेजारच्या डॉक्टरांच्या घरी, दारात दाटीवाटीने बसून पाहिली. वानखेडेवर गूचने स्वीप मारमारून आपल्या फिरकीचं पीठ केलं. वेंगसरकर आजारी, म्हणून त्याच्या जागी पंडित आला होता; पुन्हा फलंदाज म्हणूनच. २४ धावा करून पायचीत झाला आणि आपण ३५ धावांनी हरलो. घरी परतताना वडील म्हणाले, ‘‘बदली कामगार बिचारा.’’ वडील कारखान्यात होते, त्यांना बदली कामगाराची किंमत ठाऊक होती.

यष्टीरक्षकाचं काम मला नेहमी चमत्कारिक वाटत आलं आहे. दिवसाला ९० षटकं म्हणजे ५४० चेंडू. प्रत्येक चेंडूला खाली बसायचं आणि उठायचं. फलंदाजाने चेंडू मारला तर याची उठबस फुकट. तरीही पुढच्या चेंडूला पुन्हा तितक्याच मनापासून बसायचं. शंभर चेंडू स्वच्छ अडवले तर कोणी टाळी वाजवत नाही, एक सुटला की अख्खं मैदान ‘अरेरे’ करतं. पण एक गोष्ट त्याला मिळते, ती दुसऱ्या कोणाला नाही. गोलंदाजाचा हात, फलंदाजाचा पाय, स्लिपमधल्याची डुलकी, सगळं एकाच जागेवरून दिसतं. चांगला यष्टीरक्षक पुढे चांगला प्रशिक्षक होतो तो यामुळेच, असं माझं मत आहे. रमाकांत आचरेकर सरांच्या हाताखाली तयार झालेला मुलगा, त्यात यष्टीरक्षक आणि त्यात वर्षानुवर्षं वाट बघितलेला. मास्तरकीसाठी याहून चांगली तयारी कोणती?

खेळणं थांबल्यावर पंडित मुंबईचा प्रशिक्षक झाला आणि २००३ व २००४ अशी लागोपाठ दोन वर्षं मुंबईने रणजी जिंकली. २०१६ साली पुन्हा एकदा. पुढच्या वर्षी, जानेवारी २०१७ मध्ये, इंदूरच्या होळकर स्टेडियमवर मुंबई अंतिम सामन्यात गुजरातकडून हरली आणि पंडितची मुंबईची नोकरी संपली. आदल्या वर्षीचा करंडक कोणी जमेस धरला नाही. दहावीचा निकाल एका वर्षी घसरला की संचालक मंडळ मुख्याध्यापकाकडे जसं बघतं, तसंच हे.

मग त्याने विदर्भ घेतला. विदर्भ १९५७ पासून रणजी खेळत होता आणि साठ वर्षांत एकदाही अंतिम फेरीपर्यंत पोचला नव्हता. पंडितने पहिल्याच वर्षी पोचवला. सामना होता दिल्लीशी आणि मैदान कुठलं, तर तेच इंदूरचं, जिथे वर्षाच्या सुरुवातीला तो हरला होता. रजनीश गुरबानीने हॅटट्रिक घेतली. अक्षय वाडकर नावाच्या तरुण पोराने १३३ धावा काढल्या. आणि हा वाडकर, ऐका, यष्टीरक्षक. १ जानेवारी २०१८ ला विदर्भ नऊ गडी राखून जिंकला. हा योगायोग नव्हता हे दाखवायला पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला.

या माणसाची शिस्त कडक, हे सगळेच सांगतात. पुढे २०२२ साली त्याला आयपीएलमध्ये कोलकात्याच्या संघाने बोलावलं. तिथे परदेशी खेळाडूंना ही शिस्त मानवली नाही, असं त्यांच्यापैकी एकाने उघड बोलून दाखवलं. २०२४ चा करंडक कोलकात्यानेच जिंकला, पण श्रेयाचा मोठा वाटा लोकांनी गंभीरला दिला, आणि २०२५ मध्ये पंडित तिथून बाहेर पडला. मला त्याचं नवल वाटलं नाही. दोन महिन्यांची पाहुणेमंडळी आणि वर्षभर हाताखाली राहणारी पोरं यांना एकच छडी चालत नाही.

छडीचा विषय निघाला म्हणून माझीही एक गोष्ट सांगून टाकतो. वीसेक वर्षांपूर्वी दहावीच्या वर्गात माझ्याकडे एक मुलगा होता. आमच्या शाळेच्या संघाचा यष्टीरक्षक. ग्लोव्हज शाळेचे, पोटऱ्यांना मोठे होणारे पॅडही शाळेचेच. पण लेगसाइडला जाणारा चेंडू तो असा उचलायचा की व्हॅक्सीन डेपोच्या मैदानावर फिरायला आलेले म्हातारे थांबून बघायचे. संघ विभागीय सामन्यांसाठी धारवाडला जायचा होता. त्याच दिवशी माझा इंग्रजीचा जादा तास. पोरगा इंग्रजीत कच्चा. त्याने रजा मागितली, मी दिली नाही. ‘‘खेळ पोट भरणार नाही,’’ असंही वर ऐकवलं. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या बाकावर वही उघडून बसला होता. धारवाडला दुसऱ्याच कोणाच्या हातात ते ग्लोव्हज दिले, चार झेल सुटले आणि संघ घरी आला. इंग्रजीत त्याला पुढे बेचाळीस गुण पडले. शाळेचा निकाल त्या वर्षी चांगला लागला. त्यावर माझं कौतुकही झालं.

आता २०२२. मधल्या काळात मध्य प्रदेशाने पंडितला प्रशिक्षक म्हणून बोलावलं होतं. इंदूरकरांना रणजी करंडक परका नव्हता. होळकरांच्या संघाने सी. के. नायडूंच्या जमान्यात तो चारदा जिंकला होता. पण १९५३ नंतर तो करंडक त्या मातीत परत आला नव्हता. जूनमध्ये मध्य प्रदेश अंतिम फेरीत पोचला. मैदान बंगळूरचं चिन्नास्वामी आणि समोर संघ मुंबई, एकेचाळीस वेळा रणजी जिंकलेली.

कन्नडचे मास्तर आता निवृत्त झालेत, पण सकाळी फिरायला भेटतात. त्यांनी मला बरोबर गाठलं.

‘‘ईग हेळी, नीवु यार कडे, सर?’’ आता सांगा, तुम्ही कोणाकडून?

मी गप्प. मुंबई म्हणावं तर पंडित पलीकडे, पंडित म्हणावं तर मुंबई पलीकडे. मास्तर इतके हसले की त्यांना खोकला लागला. मग स्वतःच म्हणाले, ‘‘मी तर बाबा पंडितकडून. नव्व्याण्णव सालापासून त्याचं देणं लागतो की आम्ही.’’

२६ जून, रविवार, सामन्याचा पाचवा दिवस. आदल्या रात्रीच्या पावसाने आमच्या मागच्या पडवीत पाणी आलं होतं, म्हणून ताडपत्री आणायला मी बाजारात गेलो. ज्या हार्डवेअरच्या दुकानात शिरलो ते त्याच मुलाचं. मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण एरवी मी पुढच्या दुकानात जात असे. त्या दिवशी पाऊस जोराचा होता. गल्ल्यावर मोबाइल उभा करून ठेवलेला आणि त्यावर सामना चालू. ‘‘या सर, बसा,’’ म्हणून त्याने स्टूल पुढे केलं.

मुंबईचा दुसरा डाव २६९ वर संपला. मध्य प्रदेशाने पहिल्या डावातच ५३६ करून ठेवल्या होत्या. यश दुबे, शुभम शर्मा, रजत पाटीदार, तिघांची शतकं. आता फक्त १०८ हव्या होत्या. चार गडी गेले, पण धावा झाल्या. पोरं मैदानात धावली. आणि मग कॅमेरा पंडितवर गेला. साठी उलटलेला तो कडक माणूस रडत होता. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. तेवीस वर्षांपूर्वी याच मैदानातून तो कर्णधार म्हणून मान खाली घालून गेला होता, हे त्या खांदेकऱ्यांपैकी कित्येकांच्या जन्मापूर्वीचं किंवा पाळण्यातलं.

‘‘लई कडक आहे म्हणे हा माणूस, सर,’’ तो म्हणाला. ‘‘कॅप्टनला स्वतःच्या लग्नाला दोनच दिवस रजा दिली.’’

‘‘हो, वाचलं मी.’’

‘‘दोन दिवस,’’ तो हसला. ‘‘मला तर तुम्ही एक पण नाही दिलात.’’

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं झालं असतं. घरी येताना मी मनाशी पुष्कळ वाद घातला. कडक तर तोही आणि मीही. पण त्याची कडकाई पोरांना मैदानावर नेऊन उभी करायला होती. माझी मैदानावरून ओढून आणायला होती, आणि तीही कोणासाठी? त्या पोरासाठी म्हणावं, तर बेचाळीस गुणांनी त्याचं काही अडलं नाही आणि काही झालंही नाही. निकालाचा टक्का माझा होता. पण हे सगळं नंतरचं. दुकानात त्या क्षणी मला काहीच सुचलं नाही. मी मोबाइलकडे बघत राहिलो. तिथे करंडकाची वाट बघत सगळे घोळक्याने उभे होते.

‘‘अजून खेळतोस?’’ मी विचारलं.

‘‘रविवारी. पाऊस नसला तर.’’ त्याने उजवा हात वर करून दाखवला. करंगळीचं पेर बाहेरच्या बाजूला वळलेलं होतं. ‘‘दोनदा मोडली. मागंच उभा राहतो की अजून.’’

मग त्याच हाताने त्याने ताडपत्रीचा गठ्ठा खाली ओढला, जमिनीवर अर्धा उलगडला आणि म्हणाला, ‘‘सर, बारा बाय पंधरा देऊ की बारा बाय अठरा?’’