शब्दांआधीचे गाणे

रॉक गाण्याची सुरुवात म्हणजे शब्द येईपर्यंतची सजावट, असा एक समज आहे. आम्हांला तो कधीच पटला नाही. बॉब डिलनच्या ‘लाइक अ रोलिंग स्टोन’मध्ये (१९६५) ड्रमवर एकच कडक आघात होतो आणि गाणे थेट अंगावर येते. तिथे सज्ज व्हायलाही सवड नाही.

याउलट पिंक फ्लॉइडचे ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ (१९७५). पहिला शब्द यायला आठ मिनिटांहून अधिक काळ जातो. आधी सिंथेसायझरचे धुके, मग डेव्हिड गिल्मरच्या गिटारवरचे चार स्वर आणि त्यांमागची शांतता. याला आलाप म्हणण्याचा मोह आम्हांलाही झाला. पण आलाप रागाला समोर आणून बसवतो, इथे मात्र कुणाचे तरी नसणे ऐकू येते. मानसिक अस्वास्थ्यामुळे १९६८ मध्ये बँडपासून दुरावलेल्या सिड बॅरेटला उद्देशून हे गाणे आहे. जून १९७५ मध्ये, ध्वनिमुद्रणाचे काम सुरू असताना, तो स्टुडिओत आला. जुन्या सोबत्यांनी त्याला आधी ओळखलेही नाही. हे ठाऊक झाल्यापासून ते चार स्वर आम्हांला हाकेसारखे वाटतात, आणि पुढची मिनिटे म्हणजे ‘ओ’ न येण्याचा काळ.

आज ही मिनिटे बोटाने पुढे सरकवता येतात. शब्द मग लवकर भेटतात. पण ते कुणाची वाट पाहून आले आहेत, हे कळत नाही. कवितेचा नुसता सारांश मागणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही वेगळे काय सांगतो?