हंगामी मजुराची वही

मागल्या उन्हाळ्यात भाच्याच्या लग्नाला कल्याणला गेले होते. मी चंद्रपूर जिल्ह्यातली, ताडोबाच्या बाजूची आणि जंगलात मजुरी करते, हे तेथील वस्तीतल्या बायांना कळले तेव्हा प्रत्येकीचा पहिला प्रश्न एकच, "वाघ बघितलात का हो ताई?" बघितला आहे. पंधरा वर्षांच्या कामात मोजून सात वेळा वाघ दिसला, आणि गवत मात्र रोज दिसले. म्हणून आपल्या वाचक भगिनींना मी गवताची हकीकत सांगणार आहे. वाघावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

ताडोबाचे राष्ट्रीय उद्यान १९५५ साली झाले. अंधारीचे अभयारण्य १९८६ साली झाले. पुढे दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. आतले मुख्य जंगल सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आहे, आणि त्याच्या भोवती २०१० सालापासून बफर, म्हणजे जंगलही आहे आणि आमच्यासारखी गावेही आहेत. आतली काही गावे सरकारने उठवून बाहेर वसविली. नवेगाव, जामणी ही त्यांतलीच. जेथे लोकांचे धानाचे बांध होते तेथे आता चितळ आणि गवे चरतात. त्या कुरणांना हिंडायला येणारे लोक जिप्सीत उभे राहून पाहतात आणि निसर्ग किती सुंदर म्हणतात. परंतु ते कुरण आपोआप झालेले नाही. रिकाम्या शेतात पहिल्या पावसाला गवताआधी तरोटाच उगवतो. त्याच्यामागे रानतुळस, गाजर गवत, गोखरू. यांतले काही जनावर तोंडात धरत नाही. तरोट्याची कोवळी भाजी आपण खातो, पण चितळ काही ती शिजवून खाणार नाही!

तेव्हा जुलै लागला की रेंजवरून निरोप येतो आणि आम्ही बाया डबा बांधून निघतो. काम सोपे दिसते. ओळीने उभे राहायचे आणि तरोटा मुळासकट उपटायचा. विळ्याने कापला तर बुडातून दुप्पट फुटतो. फुलावर येण्याच्या आत उपटला पाहिजे, कारण एकदा शेंग धरून तडकली की पुढच्या वर्षीचे बी जमिनीत पडलेच. एका पावसाळ्यात त्याच जागी दोन-तीन वेळा फिरावे लागते. पाय गुडघ्यापर्यंत चिखलात, डोक्यावर पोत्याची खोळ, आणि पाठ धानाच्या रोवणीसारखीच वाकलेली. मधून मधून मारवेल, पवन्या उगवलेला असतो, तो पायाखाली येऊ द्यायचा नाही. पहिल्या वर्षी आम्हाला एका प्राध्यापकांनी गवते ओळखायला शिकविली. आमच्यातल्या एका म्हाताऱ्या बाईने त्यांनाच दोन गवतांची आमच्याकडची नावे सांगितली, ती त्यांनी वहीत लिहून घेतली. पावसाळा सरला की त्याच मारवेलाचे बी मुठीने ओरपून गोळा करायचे आणि पुढच्या साली उघड्या पडलेल्या जागी टाकायचे.

रायमुनियाचे काम पुरुषांकडे. त्याचे झुडूप वरून तोडून भागत नाही. जमिनीच्या खाली चार बोटांवर मुळाला कुदळीचा घाव घालायचा आणि झुडूप उलटे करून ठेवायचे, म्हणजे माती धरून पुन्हा रुजत नाही. गवत राहिले तर चितळ राहील आणि चितळ राहिले तर वाघ आतच राहील, गावाच्या बोडीवर येणार नाही, असे गार्डसाहेब सांगतात. ते बरोबरच आहे, पण गवत वाढले म्हणून वाघही वाढले आणि वाढलेले वाघ बाहेर निघालेच.

धान कापून झाला की जाळरेषेचे काम. कागदावर आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असतो. त्याच्या आधी रेषेवरचे गवत कापून, वाळवून, वारा पाहून ते आपणच जाळायचे, म्हणजे एका बाजूची आग दुसऱ्या बाजूला उडी मारीत नाही. पूर्वी पडलेला पाला आम्ही बाया फांद्यांच्या झाडूने लोटीत असू. आता पाठीवर बांधायचे ब्लोअर आले. ते पुरुषांच्या पाठीवर गेले आणि आमचे दिवस कमी झाले. यंत्र वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण ते बाईला चालवायला शिकवायला काय हरकत होती?

आमचे मालक उन्हाळ्यात फायर वॉचर असतात आणि मी मोहफूल वेचते. त्यावरून घरात दरवर्षी गंमत होते. झाडाखालचा पाला पेटवला की फूल चटकन दिसते, आणि तीच आग पुढे जंगलात जाते. मालक म्हणतात, "तू जर पाला जाळशीन तं मलेच तुले धरून न्या लागन." मी झाडूने लोटते, जुनी साडी अंथरते. वेळ दुप्पट लागतो. बुद्ध पौर्णिमेला तर ते घरी नसतातच. उन्हाळ्यात पाणी मोजक्याच जागी उरते आणि त्या रात्री चांदणे भरपूर, म्हणून पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसून प्राणी मोजायची पद्धत पडली आहे. विहारातल्या खिरीचा डबा मी दुसऱ्या दिवसापर्यंत झाकून ठेवते.

भीतीबद्दल विचाराल तर ती सवयीने कमी होते, जात नाही. २० नोव्हेंबर २०२१ रोजी कोलाऱ्याकडे वनरक्षक स्वाती ढुमणे यांना वाघिणीने नेले, तेव्हा वाघांच्या खुणा मोजण्याच्या कामावर त्यांच्याबरोबर तीन मजूर होते. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्त्याला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी गेल्या. माणूस गेल्यावर वारसांना पंचवीस लाख रुपये मिळतात. जिवंत मजुराचे मात्र किती दिवस भरले, एवढेसुद्धा त्याच्या हातात लिहून मिळत नाही.

हे मी मामाजींवरून शिकले. ३१ जानेवारी १९९६ च्या शासन निर्णयाने राज्यातले ८,०३८ रोजंदारी वनमजूर कायम झाले. अट होती, १९८९ च्या नोव्हेंबरपासून १९९४ च्या ऑक्टोबरपर्यंत दर साली २४० दिवस काम. मामाजींनी ती पाचही वर्षे जंगलात काढली. कोठल्या कार्यालयाखाली ते लिहीत नाही. परंतु मस्टरवर कधी त्यांचे नाव, कधी त्यांच्या भावाचे, मध्येच महिनाभर कोणाचेच नाही. २०१२ साली आणखी ५,०८९ जण कायम झाले, तोवर मामाजी थकले होते. मजूर मंत्री असताना बाबासाहेबांनी १९४६ साली किमान वेतनाचे विधेयक मांडले, पण ते वेतन मागायला आधी मजूर म्हणून कागदावर असावे लागते.

मुलगी चंद्रपूरला नर्सिंगला आहे. दिवाळीत घरी आली तेव्हा तिने विचारले, "आई, तुये यंदा किती दिवस भरले?" मला सांगता आले. भिंतीवर मी कोळशाने रेघा मारते, त्या ९४ होत्या. खात्यात मजुरी आली ती ८१ दिवसांची, तीही तीन महिन्यांनी. मी विचारायला गेले तर तेथला बाबू म्हणाला, "बाई, भिंत उचलून आणा, मग मोजू." मुलगी हसली नाही. दुसऱ्या दिवशी बाजारातून शंभर पानी वही घेऊन आली आणि तारीख, जागा, काम, किती वाजेपर्यंत, आणि सही, असे पाच रकाने आखून दिले. मी म्हटले, "सही कोण करन?" ती म्हणाली, "जो कामावर उभा असते तो."

या जुलैत आमच्या टोळीतल्या अकराही बायांनी तशा वह्या केल्या. तिघींना लिहिता येत नाही, त्यांच्या वह्या मी लिहिते. पहिल्या दिवशी गार्डने कुरकुर केली, वरून विचारावे लागेल म्हणाला. आम्ही म्हटले, विचारा, तोवर बसतो. तरोटा काही थांबत नाही, हे त्यालाही ठाऊक होते. दुपारी त्याने सह्या केल्या. आता दोन आठवड्यांच्या झाल्या आहेत, तिसऱ्याच्या बाकी आहेत, कारण तो गार्ड रजेवर आहे आणि नवीन आलेला पोरगा वही हातात घ्यायला भितो. सोमवारी पुन्हा नेणार आहोत.