ऑगस्टमधला मासा

डॅलसहून तासाभरावर डेनिसन धरण. त्याच्या खाली, रेड नदीच्या काठावर, मी शनिवारी पहाटे गळ टाकून बसतो. टर्बाइन सुरू झाली की तलावाच्या खोलातलं गार पाणी धडधडत येतं. सोबत गरगरलेले शॅड, आणि त्यांच्यावर टपलेले स्ट्राइप्ड बास. मूळचा हा समुद्रातला मासा, अंडी घालायला नदीत चढणारा. माणसाने त्याला तलावात आणला. बहुतेक तलावांत पिल्लं सोडत राहावी लागतात. वरच्या लेक टेक्सोमात मात्र तो स्वतःच वाढतो.

गेल्या ऑगस्टमध्ये मित्राच्या बोटीतून तलावात गेलो. जवळपास तीन फुटांचा लागला! दमवला, फोटो काढले, सोडला. सोडतो म्हणजे आपण भले, असा माझा समज.

तो उताणा तरंगला. मोठ्या बासला गार, ऑक्सिजन असलेलं पाणी लागतं. कोमट पाण्यात दमलेला मासा सावरत नाही. शेपूट धरून बराच वेळ पाण्यात मागेपुढे केलं. व्यर्थ.

बाबांना फोटो पाठवला होता. त्यांचा फोन आला.

"खाल्लास?"

"नाही, सोडला."

"मग जगला ना?"

मी तिकडच्या पावसाचं विचारलं.

आता उन्हाळ्यात मोठा लागला तर घरी आणतो, कालवण करतो. व्हॉट्सअॅपचा डीपी अजून तोच आहे.