साक्रीत बसून संदर्भसूची लिहिताना

फॉन्टपासूनच सुरुवात करू. एम.ए.चा प्रकल्प-निबंध श्रीलिपीत किंवा कृतिदेवात टाइप केला, की टायपिंगच्या दुकानात तो छान दिसतो आणि मार्गदर्शकांच्या संगणकावर त्याची भलभलती चिन्हं होतात. युनिकोडच वापरा. ओळींमधलं अंतर दीडपट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात. तिरपा टाइप देवनागरीला शोभत नाही. ग्रंथाचं नाव एकेरी अवतरणात द्यावं.

•

संदर्भ देण्याची ए.पी.ए. शैली १९२९ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्राच्या नियतकालिकात सात पानांच्या लेखातून सुरू झाली. आता सातवी आवृत्ती चालते. आडनाव, आद्याक्षरं, कंसात वर्ष, मग ग्रंथनाम. क्रम चांगला आहे. पण खान्देशातल्या विषयाची सूची करायला घ्या, पाटील ओळीनं येतात. 'पाटील, एस.' म्हणजे नेमकं कोण? इथं पूर्ण नाव लिहावं. सूची वाचकासाठी असते.

•

क्षीरसागर 'क'मध्ये की 'ह'नंतर? शाळेतल्या वर्णमालेत क्ष, ज्ञ शेवटी येतात. एक काहीतरी ठरवा आणि सूचीभर पाळा.

•

जुन्या पुस्तकावर शके असतो. ७८ मिळवले की इसवी सन. पौषात इंग्रजी वर्ष उलटल्यावर फाल्गुनअखेर ७९.

•

साक्रीहून धुळं पन्नासेक किलोमीटर. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे तिथंच ३१ डिसेंबर १९२६ रोजी वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८चा. त्यात पत्रांना लेखांक आहेत. संदर्भ देताना खंड आणि लेखांक लिहा. आवृत्ती बदलली की पान बदलतं, लेखांक जागेवर राहतो. एम.ए.च्या प्रत्येक विद्यार्थ्यानं एकदा तरी मंडळात जाऊन यावं, असं मला मनापासून वाटतं.

•

आता खरा प्रश्न. साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात मार्गशीर्षात आदिवासींचा डोंगऱ्यादेवाचा उत्सव होतो. त्यावर लिहिणाऱ्या मुलाचा मुख्य आधार पुस्तक नसतो. गावातला भगत असतो, उत्सवाचं व्रत धरणाऱ्या माऊल्या असतात. जात्यावरच्या अहिराणी ओव्यांवर लिहिणाऱ्या मुलीला तिची आजीच सांगते. ए.पी.ए.त अशा खासगी बोलण्याचा उल्लेख फक्त मजकुरात येतो, सूचीत नाही. मूळनिवासींच्या पारंपरिक ज्ञानासाठी सातव्या आवृत्तीनं वेगळी वाट दिली आहे, ती मात्र फार कमी जणांना ठाऊक असते. परिणाम असा, की दोन पानी पुस्तिकेचा लेखक सूचीत मानानं बसतो आणि रात्रभर कथा सांगणारा माणूस 'एका वृद्धाच्या मते' एवढ्यावर संपतो. हे मला मान्य नाही.

माझं मत असं: 'मुलाखती' असा स्वतंत्र भाग करावा. सांगणाऱ्याचं पूर्ण नाव, गाव, पाडा, अंदाजे वय, कोणत्या बोलीत सांगितलं, तारीख. नाव छापायची परवानगी आधी विचारावी. नको म्हणाले तर गाव आणि तारीख तरी द्यावी. देवाचं जे सांगायचं नाही असं ते म्हणतील, ते लिहू नये.

•

साम्य तपासणारं सॉफ्टवेअर लिखित मजकुराशी ताडून पाहतं. भगतानं तोंडी सांगितलेली कथा आपल्या नावावर खपवली, तर ते यंत्राला कळणार नाही. तिथं लिहिणाऱ्याची नियतच कामाची.

•

निबंधाच्या प्रती काढाल तेव्हा एक जास्त काढा. ती सांगणाऱ्याच्या घरी द्या, आणि वाचता येत नसेल तर त्यांचं नाव कुठं आलंय ते वाचून दाखवा.